इथरनेट पोर्ट खरोखरच बिघडला आहे का? लूपबॅक चाचणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"पोर्ट गेला" (म्हणजे केबल लावायचे तोंड बिघडले) हे दोन शब्द पुण्यात नेटवर्कची देखभाल करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर सतत पडतात, मग ते भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमधून आलेले असोत, खराडीच्या कार्यालयातून असोत किंवा सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात चालणाऱ्या क्लासच्या संगणक कक्षातून. या दोन शब्दांवर विसंबून चांगले स्विच (अनेक संगणकांना एकमेकांशी जोडणारी उपकरणे) भंगारात गेलेले मी पाहिले आहेत आणि खरोखर बिघडलेले पोर्ट "केबल जरा हलवली की चालतो" म्हणून वर्षानुवर्षे वापरात राहिलेलेही पाहिले आहेत. दोन्हींचे मूळ एकच असते: पोर्टची स्वतंत्र तपासणी कोणी केलेलीच नसते. ती करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लूपबॅक चाचणी. आमच्याकडे काम शिकायला येणारी मुले-मुली आणि ग्राहकांकडील तंत्रज्ञ तिच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते उत्तरांसह येथे दिले आहेत.

लूपबॅक चाचणी म्हणजे नेमके काय?

पोर्टने पाठवलेला संकेत दुसऱ्या कोणत्याही उपकरणाकडे न जाता त्याच पोर्टकडे परत येईल अशी जोडणी करायची आणि जे पाठवले तेच, तितकेच आणि निर्दोष परत आले का हे पाहायचे, याला लूपबॅक चाचणी म्हणतात. नेहमीच्या जोडणीत दोन्ही टोकांचे पोर्ट, भिंतीतली केबल, पॅच पॅनल, पॅच कॉर्ड आणि दोन्हीकडची सेटिंग असे अनेक संशयित एकाच वेळी समोर उभे असतात. लूप टाकला की त्यांतला एकच उरतो. दूरसंचार क्षेत्रातील मंडळी २ मेगाबिटच्या ई-१ लाइनच्या काळापासून "लूप टाका", "लूप दिला", "लूप काढला का" असेच बोलत आली आहेत. प्लग किंवा वायर लावून केलेल्या लूपला ते हार्ड लूप म्हणतात आणि उपकरणाला आज्ञा देऊन आतल्या आत केलेल्या लूपला सॉफ्ट लूप.

१२७.०.०.१ या पत्त्याला पिंग केले (उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवला) आणि उत्तर आले. मग चाचणी झालीच ना?

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो आधी दूर केलेला बरा. १२७.०.०.१ हा पत्ता संगणकातल्या नेटवर्क सॉफ्टवेअरपुरता असतो. नेटवर्क कार्ड काढून टेबलावर ठेवले तरी त्याचे उत्तर येते. पोर्टला दिलेल्या स्वतःच्या आयपी पत्त्याला पिंग केले तरी बहुतेक कार्यप्रणाली त्याचे उत्तर आतल्या आतच देतात आणि तारेवर एकही फ्रेम, म्हणजे माहितीची पुडी, जात नाही. राउटरवर तयार करतात तो लूपबॅक इंटरफेसही निव्वळ सॉफ्टवेअरमधला आहे. या तिन्हींचे आणि आपल्या चाचणीचे केवळ नाव सारखे आहे. सॉकेट, पिना, ट्रान्सफॉर्मर आणि फिजिकल लेयरची चिप यांपैकी कशाचाही अनुभव या पिंगला येत नाही.

आतला लूप आणि बाहेरचा लूप यांत फरक काय? दोन्ही करावे लागतात का?

पोर्टमधून जाणाऱ्या माहितीचा रस्ता साधारण असा असतो: आधी मॅक, म्हणजे फ्रेम बांधणारा भाग, मग फिजिकल लेयरची चिप, जिला सगळे फाय म्हणतात, मग विद्युत विलगीकरणासाठीचा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी आरजे-४५ सॉकेट. आतला लूप या रस्त्यावर मध्येच वळसा देतो. मॅकचा लूप फायपर्यंत पोहोचतही नाही. फायचा लूप चिपच्या डिजिटल भागातून परत फिरतो. इथरनेटच्या मूळ मानकानेच, म्हणजे आयईईई ८०२.३ ने, यासाठी फायच्या नियंत्रण रजिस्टरमध्ये १४ क्रमांकाची बिट राखून ठेवली आहे. बाहेरचा लूप मात्र सॉकेटच्या तोंडापर्यंत जाऊन येतो.

दोन्ही केल्याचा फायदा तुलनेत आहे. आतला लूप यशस्वी आणि बाहेरचा अयशस्वी असेल तर बिघाड शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये आहे: चिपचा तारेकडचा भाग, ट्रान्सफॉर्मर किंवा सॉकेट. आतलाच लूप अयशस्वी झाला तर प्लग आणि केबल यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. चिप, बोर्ड किंवा ड्रायव्हर यांच्याकडे वळावे. लिनक्स संगणकावर इथटूल या आज्ञेच्या चाचणी पर्यायातून बहुतेक चांगल्या कार्डांची आतली तपासणी होते आणि काही ड्रायव्हर "एक्स्टर्नल एलबी" हा पर्याय दिल्यास बाहेरच्या लूपचीही तपासणी करतात. ही चाचणी चालू असताना पोर्ट कामातून बाहेर पडतो, म्हणून दूरस्थ जोडणीने त्याच पोर्टवरून आत शिरून ती कधीही चालवू नये.

लूपबॅक प्लग विकत घ्यावा की घरी बनवावा?

बनवावा, कारण तो बनवताना पिनांचा क्रम जो पाठ होतो तो आयुष्यभर उपयोगी पडतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, म्हणजे तपकीर गल्लीतून, चांगल्या प्रतीचे आरजे-४५ कनेक्टर आणावेत. सामान म्हणून कॅट-५ई केबलचा वीतभर तुकडा पुरतो.

१० आणि १०० मेगाबिटसाठी दोनच वायरी लागतात. पिन १ ची जोडणी पिन ३ शी आणि पिन २ ची पिन ६ शी करायची, म्हणजे पाठवणारी जोडी घेणाऱ्या जोडीला मिळते. चारही जोड्या जोडायच्या असतील तर त्यासोबत ४ ची ७ शी आणि ५ ची ८ शी जोडणी करावी. नेहमीच्या टी-५६८बी रंगक्रमात सांगायचे तर पांढरी-नारिंगी वायर पांढऱ्या-हिरव्या जागी, नारिंगी हिरव्या जागी, निळी पांढऱ्या-तपकिरी जागी आणि पांढरी-निळी तपकिरी जागी वळवायची.

प्रत्यक्ष कृती अशी: पाच-सहा सेंटिमीटरचा एक धागा घ्यावा, त्याचे एक टोक १ च्या खाचेत सरकवावे, यू आकारात वळवून दुसरे टोक ३ च्या खाचेत न्यावे आणि मग २ व ६ साठी दुसरा धागा तसाच घ्यावा. धाग्यावरचे प्लास्टिक सोलू नये. क्रिम्पिंग करताना, म्हणजे कनेक्टर पक्कडीने दाबून बसवताना, कनेक्टरची पितळी पाती ते स्वतःच भेदते. क्रिम्प केल्यावर कनेक्टर डोळ्यांसमोर धरून समोरच्या पारदर्शक भिंतीतून पाहावे. तांब्याची चारही टोके खाचांच्या अगदी शेवटाला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादे टोक मिलिमीटरभर मागे राहिले असेल तर तो प्लग कात्रीने कापून टाकावा. शेवटी मल्टिमीटरने १-३ आणि २-६ यांची सलगता तपासावी. ज्याच्यावर आपण दुसऱ्याचा निवाडा करणार आहोत ते साधन आधी स्वतः निर्दोष असायला हवे. म्हणूनच संशयित पोर्टला लावण्यापूर्वी प्लग नेहमी एका खात्रीच्या पोर्टला लावून पाहावा.

प्लग लावला, पण गिगाबिट पोर्टचा दिवा लागत नाही. पोर्ट खराब समजावा का?

एवढ्यावरून मुळीच समजू नये. गिगाबिटच्या तांब्याच्या जोडणीत चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी संकेत वाहतात आणि कोणी मास्टर व्हायचे, कोणी स्लेव्ह, हे दोन टोके आपसांत ठरवतात. दोन्ही टोके समान दर्जाची असतील तर प्रत्येक जण एक यादृच्छिक संख्या पाठवतो आणि त्यांच्या तुलनेवरून निकाल लागतो. लूपमध्ये दुसरे टोक म्हणजे पोर्ट स्वतःच असतो, म्हणून त्याला स्वतःचीच संख्या परत मिळते आणि निकाल लागू शकत नाही. काही चिपा यातून मार्ग काढतात, काही काढत नाहीत.

यावर उपाय म्हणजे पोर्टला सक्तीने १०० मेगाबिट आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) अशी सेटिंग द्यावी आणि मग प्लग लावावा. फुल डुप्लेक्स अनिवार्य आहे, कारण हाफ डुप्लेक्समध्ये पाठवताना काही ऐकू आले की पोर्ट त्याला टक्कर समजतो, आणि लूपमध्ये तर प्रत्येक वेळी स्वतःचाच आवाज ऐकू येणार. गिगाबिटचा वेग मात्र असा सक्तीने लादता येत नाही. मानकानुसार तिथे ऑटो-निगोशिएशन, म्हणजे दोन्ही टोकांनी आपसांत बोलणी करणे, लागतेच. त्यामुळे १०० मेगाबिटला पोर्ट उत्तीर्ण झाला की १ व २ आणि ३ व ६ या दोन जोड्यांचा रस्ता चांगला आहे एवढेच सिद्ध होते. उरलेल्या दोन जोड्यांसाठी उपकरणात उत्पादकाची निदान-सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर संशयित पोर्ट आणि त्याच स्विचवरचा एक खात्रीचा पोर्ट, दोघांना वेगवेगळ्या रिकाम्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचमध्ये आखलेल्या स्वतंत्र जाळ्यांत) टाकून, नव्या छोट्या पॅच कॉर्डने जोडावेत. तिथे १००० ऐवजी १०० चाच वेग दिसू लागला तर ४-५ किंवा ७-८ या जोडीत दोष असण्याचा संशय घट्ट होतो. ऑफिसात "नेट चालते, पण हळू" अशी तक्रार येते तिच्यामागे कित्येकदा हेच निघते.

चालू नेटवर्कमधल्या स्विचला थेट प्लग लावला तर चालेल का?

कृपया असे करू नका. हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

स्विच प्रत्येक फ्रेमचा स्रोत पत्ता पाहून "हे यंत्र अमुक पोर्टवर आहे" असे टिपून ठेवतो. समजा, लेखा विभागातल्या संगणकाने एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांसाठीची, फ्रेम पाठवली. स्विचने ती त्या व्हीलॅनमधील सर्व पोर्टांवर सोडली, त्यात आपला प्लग लावलेला पोर्टही आला. तिथून ती फ्रेम परत आत शिरली आणि स्विचला वाटले की लेखा विभागाचा संगणक आता या पोर्टवर आला आहे. यापुढे त्या संगणकासाठीची माहिती प्लगकडे जाऊ लागते. संगणकाने पुन्हा काही पाठवले की नोंद सुधारते, पुढच्या ब्रॉडकास्टला पुन्हा बिघडते. वापरणाऱ्याला फक्त एवढेच दिसते की प्रिंटर मध्येच नाहीसा होतो, फोन तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. एका पोर्टवर लूप असेल तर फ्रेम आलेल्या पोर्टावरच परत सोडली जात नाही, म्हणून निदान ती अनंतकाळ फिरत नाही. त्याच व्हीलॅनमध्ये दोन पोर्टांवर प्लग लागले तर मात्र ब्रॉडकास्ट एकाकडून दुसऱ्याकडे फिरतच राहते आणि काही क्षणांत सगळे नेटवर्क बसते.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी संशयित पोर्ट बंद करावा, त्याला कोणीही वापरत नसलेल्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये न्यावे, पोर्टचे मोजपट्टे (फ्रेम आणि चुका मोजणारे काउंटर) शून्य करावेत, प्लग लावावा आणि मगच पोर्ट चालू करावा. काम संपल्यावर हाच क्रम उलटा. आम्ही प्लगला हातभर लांब लाल फीत बांधून ठेवतो, जेणेकरून रॅकचे दार लावताना तो विसरला जाऊ नये. आमचे बरेच ग्राहक कारखानदार आहेत आणि त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे अशी कामे आम्ही त्या दिवसासाठी राखून ठेवतो.

प्लग लावताच स्विचने पोर्टच बंद केला. आता काय करावे?

हे बहुतेक वेळा शुभवर्तमान असते. सिस्कोचे अनेक कॅटॅलिस्ट स्विच दर १० सेकंदांनी पोर्टमधून एक कीपअलाइव्ह फ्रेम पाठवतात आणि ती स्वतःलाच परत मिळाली तर "येथे लूप आहे" असे ओळखून पोर्टला एरर-डिसेबल्ड (चूक दिसल्याने बंद) अवस्थेत टाकतात. बीपीडीयू गार्ड ही संरक्षक सेटिंग चालू असेल तर तोही स्वतःच्याच स्पॅनिंग ट्रीची (नेटवर्कमधले लूप टाळणाऱ्या यंत्रणेची) फ्रेम परत आलेली पाहून हेच करतो. थोडक्यात, फ्रेम बाहेर गेली, परत आली आणि ओळखू येण्याइतकी शाबूत आली. लॉगमध्ये कारण "लूपबॅक" असे लिहिलेले असेल तर पोर्टने पहिली परीक्षा दिलेली आहे. पुढची मोजणी करायची असेल तर त्या एका पोर्टवर, तेही वेगळ्या व्हीलॅनमध्ये, कीपअलाइव्ह व बीपीडीयू गार्ड तात्पुरते बंद करावेत, पोर्टला शटडाउन देऊन पुन्हा चालू करावे आणि चाचणीनंतर दोन्ही सेटिंग न चुकता पूर्ववत करावीत.

दिवा लागला म्हणजे पोर्ट चांगला, असे म्हणता येईल का?

दिवा फक्त एवढे सांगतो की संकेत ओळखण्याइतपत पोहोचला. बाकीचे मोजपट्ट्यांवर पाहावे लागते: किती फ्रेम गेल्या, किती आल्या, सीआरसीच्या चुका, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेम, किती. पाच सेंटिमीटरच्या लूपमध्ये सीआरसीची चूक शून्यच असली पाहिजे. शंभर मीटर केबलवर एखाद्या चुकीकडे काणाडोळा करता येतो, येथे करता येत नाही.

फ्रेम फिरवायच्या कशा, हा पुढचा प्रश्न. राउटरच्या पोर्टसाठी एक जुनी आणि फार सुंदर युक्ती आहे. जुनिपरच्या राउटरवर काम करणाऱ्यांना ती ओळखीची असेल. पोर्टला १९२.१६८.५०.१ असा पत्ता द्यावा. त्याच जाळ्यातला १९२.१६८.५०.२ हा पत्ता, जो कोणाचाच नाही, त्याच्यासाठी एआरपीची (कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्यावर आहे याची) स्थिर नोंद करावी आणि तिच्यात मॅक पत्ता, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, याच पोर्टचा लिहावा. आता .२ ला पिंग केले की फ्रेम बाहेर पडते, लूपमधून परत येते, राउटर तिला स्वतःच्या मॅक पत्त्यामुळे स्वीकारतो, पण आयपी पत्ता आपला नाही म्हणून टीटीएल (किती वेळा पुढे पाठवायचे याची उरलेली संख्या) एकने कमी करून पुन्हा त्याच पोर्टातून बाहेर पाठवतो. हे टीटीएल संपेपर्यंत चालते आणि शेवटी "टाइम टू लिव्ह एक्सीडेड" असा संदेश येतो. एरवी हा संदेश म्हणजे अपयश. येथे तो उत्तीर्ण झाल्याचा दाखला आहे. सुरुवातीचा टीटीएल ६४ असेल तर एक पिंग ६४ वेळा फिरते, म्हणजे १०० पिंगमध्ये ६,४०० फ्रेम पोर्टातून जाऊन येतात. गेलेल्या आणि आलेल्या फ्रेमची संख्या जुळली आणि चुका शून्य राहिल्या तर त्या वेगाला पोर्ट निर्धास्तपणे चांगला म्हणावा. संदेशाऐवजी नुसताच "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आला तर फ्रेम वाटेत हरवत आहेत. एआरपीची ती नोंद नंतर पुसायला विसरू नये.

पीओई (केबलमधूनच वीज) देणाऱ्या पोर्टला प्लग लावला तर शॉर्ट होऊन तो जळेल का?

मानकानुसार बनवलेल्या पीओई स्विचच्या बाबतीत भीती नाही. असा स्विच आधी अगदी कमी व्होल्टेजने, १० व्होल्टच्या आत, समोर सुमारे २५ किलोओहमचा ओळखीचा रोध आहे का ते पाहतो आणि तो सापडल्याशिवाय वीज सोडतच नाही. लूपबॅक प्लग त्याला शॉर्टसारखा दिसतो, म्हणून वीज बंदच राहते. तरीही त्या पोर्टवरची पीओई सेटिंग आधी बंद करणे ही चांगली सवय आहे.

खरा धोका वायफायच्या अँटेनांसोबत येणाऱ्या २४ व्होल्टच्या साध्या इंजेक्टरांचा. ते काहीही न तपासता सतत वीज सोडत असतात. त्यांच्या वीज येणाऱ्या तोंडाला प्लग कधीही लावू नये.

आणखी एक लक्षात ठेवावे की लूपबॅक चाचणी पीओईविषयी काहीच सांगत नाही. कॅमेरा चालू होत नसेल आणि लूप उत्तीर्ण असेल तर माहितीचा रस्ता चांगला आहे, पण वीजपुरवठ्याचा भाग गेलेला असू शकतो. तो पीओई टेस्टरने किंवा खात्रीच्या कॅमेऱ्याने वेगळा तपासावा.

फायबरच्या पोर्टसाठी काय करायचे?

येथे काम सोपे आहे. एसएफपी मॉड्यूलच्या (पोर्टमध्ये खोचायच्या, फायबरवर प्रकाश सोडणाऱ्या आणि घेणाऱ्या तुकड्याच्या) पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या छिद्रांना फायबरच्या एकाच धाग्याच्या तुकड्याने जोडले की लूप झाला. काळजी मात्र जास्त घ्यावी लागते.

लांब पल्ल्याची मॉड्यूल इतक्या जवळून स्वतःचाच प्रकाश सहन करू शकत नाहीत. १० गिगाबिटचे ४० किलोमीटरचे, ईआर प्रकारचे मॉड्यूल ४ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे माप) प्रकाश सोडू शकते आणि त्याच्या प्रकाश घेणाऱ्या भागाची कमाल मर्यादा उणे १ डीबीएम आहे, म्हणून मध्ये किमान ५ डीबीचा अटेन्युएटर, म्हणजे प्रकाश मंद करणारा तुकडा, हवाच. १० किलोमीटरच्या एलआर मॉड्यूलमध्ये दोन्ही आकडे ०.५ डीबीएमच आहेत, म्हणून तिथे थेट लूप चालतो. एकाच धाग्यावर चालणारी बायडाय मॉड्यूल तर स्वतःशी जोडताच येत नाहीत, कारण ती एका तरंगलांबीवर बोलतात आणि दुसरीवर ऐकतात. त्यांना जोडीचेच मॉड्यूल लागते. फायबरच्या तोंडात डोळ्याने पाहू नये, कारण हा प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो. टोक प्रत्येक वेळी स्वच्छ करावे.

मॉड्यूल आपल्या प्रकाशाची पातळी सांगणारे असेल तर पाठवलेला आणि मिळालेला आकडा शेजारी-शेजारी वाचावा. छोट्या, स्वच्छ तुकड्यात फरक साधारण १ डीबीच्या आत राहतो. लूप अयशस्वी झाल्यास मॉड्यूल बदलून पुन्हा पाहावे. फायबरच्या बाबतीत आधी संशय मॉड्यूलवर घ्यावा, पोर्टवर नंतर.

लूप उत्तीर्ण झाला, तरी उपकरण चालत नाही. मग चाचणी खोटी ठरली का?

चाचणी खोटी ठरत नाही. तिने दोष कुठे नाही ते सांगितलेले असते. भोसरीतल्या एका वर्कशॉपमधला अनुभव सांगतो. तिथल्या सीएनसी यंत्राची जोडणी दिवसातून चार-पाच वेळा तुटायची आणि सातव्या पोर्टवर खडूने फुली मारून झाली होती. आम्ही सातव्या पोर्टला प्लग लावला, दिवा लगेच लागला. वीस मिनिटे फ्रेम फिरवल्या, सीआरसी शून्य. मग प्लग पोर्टवरून काढला, यंत्राकडे जाणारी ३५ मीटरची केबल पुन्हा पोर्टला लावली आणि तिच्या यंत्राकडच्या टोकाला कपलरने प्लग जोडला. आता संकेत जाऊन-येऊन ७० मीटर फिरत होता. दहा मिनिटे काहीच घडले नाही. मग कच्चा माल घेऊन एक ट्रॉली आली, तिचे मागचे चाक जमिनीवरच्या पत्र्याच्या पट्टीवरून गेले आणि सीआरसीचा आकडा ० वरून ४१ वर गेला. पट्टीखाली केबल पोह्यासारखी चपटी झालेली निघाली. सातवा पोर्ट आजही त्याच यंत्राला जोडलेला आहे, फक्त केबल आता वरून ट्रेमधून जाते.

केबलच्या दूरच्या टोकाला लूप टाकायचा असेल तर अंतर दुप्पट होते हे विसरू नये. तांब्याच्या इथरनेटची मर्यादा १०० मीटर आहे, म्हणून ही पद्धत ५० मीटरच्या आतल्या केबललाच लागू पडते. आणि उलट बाजूही खरी आहे: पोर्टची ताकद थोडी कमी झालेली असेल तर पाच सेंटिमीटरच्या लूपमध्ये तो उत्तीर्ण होतो आणि ८० मीटरवर अडखळतो. असा संशय आल्यास लांब केबलवर खात्रीच्या पोर्टशी तुलना करण्याला पर्याय नाही.

एकाच वेळी शेजारचे चार-आठ पोर्ट बंद पडले. प्रत्येकाला लूप टाकून पाहावे का?

पाहावे, पण उत्तर बहुधा आधीच समोर आहे. स्विचमध्ये एका फाय चिपवर चार किंवा आठ पोर्ट असतात, त्यामुळे ५ ते ८ असे सलग पोर्ट एकदम गेले तर चिपवरच संशय घ्यावा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस कडकडाटासह येतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी अशा तक्रारी येतात. तांब्याची केबल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून नेलेली असेल तर फारच. पोर्टमधला ट्रान्सफॉर्मर १,५०० व्होल्टच्या विलगीकरणासाठी तपासलेला असतो. विजेच्या लोळासमोर ते काहीच नाही. अशा स्विचमधले उरलेले पोर्ट लूपमध्ये उत्तीर्ण झाले तरी मी त्यांना महत्त्वाच्या कामाला लावत नाही, आणि दोन इमारतींमध्ये फायबर टाकण्याचा आग्रह धरतो.

इंटरनेट सेवा देणारी कंपनी "तुमच्या बाजूने लूप द्या" म्हणते. द्यावा का?

द्यावा, पण आधी लाइनवरून आपले उपकरण सोडवून आणि वेळ ठरवून. त्यांना आपल्या यंत्रापासून तुमच्या दारापर्यंतचा रस्ता मोजायचा असतो. वाटेत स्विच असतील तर नुसता प्लग पुरत नाही, कारण परत येणाऱ्या फ्रेमचे स्रोत व गंतव्य पत्ते तेच राहतात आणि मधले स्विच गोंधळतात. त्यासाठी पत्त्यांची अदलाबदल करून फ्रेम परत पाठवणारे उपकरण लागते. सेवादात्याचे उपकरण ८०२.३एएच मानकातला दूरस्थ लूप मानत असेल तर त्यांना तुमच्याकडे माणूस पाठवण्याचीही गरज नसते. लूप कधी दिला आणि कधी काढला, दोन्ही वेळा लिहून ठेवाव्यात.

आमच्या शाळेत साधा, बिनव्यवस्थापनाचा स्विच आहे. त्यावर ही चाचणी होते का?

मर्यादित होते. त्याची सर्व केबल काढून घ्यावी, एका वेळी एकाच पोर्टला प्लग लावावा आणि दिवा स्थिर लागतो का ते पाहावे. वेग ठरवता येत नसल्याने गिगाबिटच्या काही स्विचवर चांगल्या पोर्टचाही दिवा लागणार नाही. सर्वच पोर्ट सारखे वागत असतील तर तो स्विचचा स्वभाव समजावा, एकच वेगळा वागत असेल तर तो दोष. प्लग लावण्यापूर्वी टॉर्चच्या उजेडात सॉकेटमध्ये डोकावून पाहावे. संगणक कक्षात मुले कनेक्टर घाईने खेचतात आणि आठ सोनेरी तारांपैकी एखादी शेजारच्या खाचेत गेलेली किंवा आत दबलेली दिसते. साध्या प्रतीचे सॉकेट ७५० वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेले असते, म्हणून तपासणीच्या हौसेने रोज प्लग खुपसत बसू नये.

पोर्ट खरोखर खराब निघाला. वॉरंटीच्या तक्रारीत काय लिहावे?

"पोर्ट चालत नाही" एवढेच लिहिले तर पलीकडून केबल बदलून पाहण्याचा सल्ला येतो आणि दोन दिवस जातात. त्याऐवजी उपकरणाचा अनुक्रमांक, पोर्टचा क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, लूप आतला होता की बाहेरचा, वेग व डुप्लेक्स काय ठेवले होते, किती फ्रेम गेल्या व किती आल्या, सीआरसीचा आकडा, आणि तोच प्लग शेजारच्या कोणत्या पोर्टवर त्याच दिवशी उत्तीर्ण झाला, हे सगळे लिहावे. यातली शेवटची ओळ सर्वांत वजनदार असते, कारण तिच्यामुळे प्लगवर आणि तपासणाऱ्यावर घेता येणारा आक्षेप संपतो. बदली स्विच येईपर्यंत त्या पोर्टमध्ये रबरी बूच बसवावे आणि बाजूला तारखेची चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठी नसेल तर रात्रपाळीचा माणूस नेमका तोच पोर्ट रिकामा पाहून त्यात केबल लावतो.